शाळेभोवतीची रेघ

अमेरिकेच्या संविधानात 'शिक्षण' हा शब्द कुठेही आलेला नाही. शाळा चालवण्याची जबाबदारी राज्यांची, आणि राज्यांनी ती बहुतांशी स्थानिक मंडळांकडे सोपवली. त्यातून देशभर १३,०००हून अधिक 'स्कूल डिस्ट्रिक्ट' तयार झाले. हे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडचा जिल्हा नव्हे. कुठे ते अख्ख्या काउंटीएवढे (राज्याखालच्या प्रशासकीय विभागाएवढे) पसरलेले असते, तर कुठे एका छोट्या उपनगरापुरते. बहुतेक ठिकाणी त्याचे निवडून आलेले मंडळ असते, स्वतःचे अंदाजपत्रक असते आणि त्या हद्दीतल्या घरा-जमिनींवर बसवलेला मालमत्ता कर असतो. शाळांच्या खर्चात केंद्र सरकारचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास राहत आला आहे. उरलेला भार राज्य आणि स्थानिक कर मिळून जवळपास निम्मा-निम्मा उचलतात. म्हणजे मूल कोणत्या रेघेच्या आत राहते यावर त्याच्या वर्गातले शिक्षक, पुस्तके, प्रयोगशाळा, छप्पर हे सगळे बऱ्याच अंशी ठरते.

वंश आणि शिक्षण यांचा अमेरिकेतला इतिहास सांगताना 'फक्त गोऱ्यांसाठी' असे लिहिलेल्या पाट्यांचे वर्णन नेहमी येते. त्या पाट्या होत्या आणि त्या उतरवायला पिढ्या खर्ची पडल्या. पण पाट्यांइतकेच काम या रेघांनी केले, आणि पाट्या गेल्यावरही रेघा राहिल्या. कृष्णवर्णीय मुलाच्या वाट्याला आलेली कमी दर्जाची शाळा आपोआप घडलेली नाही. ती कायद्याने, कराने आणि नकाशाने घडवलेली आहे. ते कसे घडले हे क्रमाने पाहिले तरच आजच्या वादांचा अर्थ लागतो.

बंदीपासून दुहेरी करापर्यंत

गुलामगिरीच्या काळात प्रश्न शाळेचा नव्हताच, अक्षराचा होता. दक्षिण कॅरोलिनाने १७४० मध्येच गुलामांना लिहायला शिकवणे हा गुन्हा ठरवला. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरने केलेल्या उठावानंतर दक्षिणेतल्या अनेक राज्यांनी असे कायदे अधिक कडक केले. पुढे दास्यमुक्तीच्या चळवळीतला सर्वांत प्रभावी वक्ता ठरलेला फ्रेडरिक डग्लस लहानपणी बाल्टिमोरमध्ये मालकिणीकडून मुळाक्षरे शिकला. मालकाला ते कळताच शिकवणी बंद झाली, आणि वाचता येणारा माणूस गुलाम राहत नाही हे त्याला तिथेच उमगले.

उत्तरेत गुलामगिरी नव्हती, पण वेगळ्या शाळा होत्या. बॉस्टनमध्ये सारा रॉबर्ट्स या पाच वर्षांच्या मुलीला घराजवळच्या गोऱ्यांच्या शाळा ओलांडून दूरच्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत जावे लागे. तिच्या वडिलांनी दावा लावला. वकील चार्ल्स समनर यांनी तो लढवला, पण मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५० मध्ये तो फेटाळला. तिथला कृष्णवर्णीय समाज गप्प बसला नाही. १८५५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने सार्वजनिक शाळांतला वर्णभेद कायद्याने बंद केला. न्यायालयात हरलेली लढाई विधिमंडळात जिंकता येते हा अनुभव पुढेही अनेकदा आला.

यादवी युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये मुक्त झालेल्या लोकांनी पहिल्यांदा मागितल्या त्या गोष्टींत शाळा होती. आजोबा आणि नातू एकाच बाकावर बसून अक्षरे गिरवत. दक्षिणेतल्या राज्यांत सर्वांसाठी सार्वजनिक शाळांची पद्धत रुजवण्यात त्या काळच्या कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींचा मोठा वाटा होता. गरीब गोऱ्या मुलांनाही तिचा लाभ झाला. हा लढा महाराष्ट्रातही पाहिला जात होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेले 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सत्पुरुषांना अर्पण केलेले आहे.

ही उमेद फार टिकली नाही. १८७७ नंतर केंद्राचे सैन्य दक्षिणेतून हटले, कृष्णवर्णीयांचा मताधिकार हळूहळू हिरावला गेला आणि मताबरोबर अंदाजपत्रकावरची पकडही गेली. १८९६ मध्ये 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केले. खटला रेल्वेच्या डब्याचा होता, पण त्याचा आधार शाळांनाही मिळाला. त्यातला 'समान' हा शब्द कागदावरच राहणार हे तीन वर्षांतच स्पष्ट झाले. जॉर्जियातल्या रिचमंड काउंटीने पैशाचे कारण सांगून कृष्णवर्णीयांचे हायस्कूल बंद केले आणि गोऱ्या मुलींचे चालू ठेवले. १८९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात काही गैर मानले नाही.

कर मात्र सगळ्यांकडून घेतला जात होता. कृष्णवर्णीय शेतकऱ्याने भरलेल्या करातला मोठा हिस्सा गोऱ्यांच्या शाळांकडे वळे, आणि आपल्या मुलांसाठी शाळा हवी तर त्याला पुन्हा खिशात हात घालावा लागे. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे फुल्यांनी मांडलेली तक्रार याच जातीची होती: महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या. दक्षिणेतल्या या दुहेरी कराचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे रोझेनवाल्ड शाळा. टस्कीगी इथल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन आणि सीअर्स, रोबक कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या सहकार्यातून १९३२ पर्यंत १५ राज्यांत सुमारे ५,००० शाळा बांधल्या गेल्या. रोझेनवाल्ड यांच्या देणगीची एक अट होती, गावाने आपला वाटा उचलायचा. कुणी जमीन दिली, कुणी लाकूड, कुणी कापसाचे एखादे वावर शाळेच्या नावाने राखून ठेवले. कृष्णवर्णीय समाजाने या शाळांसाठी उभे केलेले सुमारे ४७ लाख डॉलर हे रोझेनवाल्ड यांच्या स्वतःच्या देणगीपेक्षा अधिक होते. वर्षाचा कर भरून झाल्यावरची ही वर्गणी होती.

वर्णरेषेच्या चटक्यातून इतर समाजही सुटले नाहीत. मिसिसिपीतल्या चिनी वंशाच्या मार्था लम हिला गोऱ्यांच्या शाळेतून काढले, तेव्हा १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने कौल दिला. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या मुलांना वेगळे बसवण्याविरुद्ध मेंडेझ कुटुंबाने लावलेला दावा मात्र १९४७ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयातही टिकला. मूळनिवासी मुलांची गोष्ट आणखी निराळी आणि अधिक क्रूर आहे. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरू झालेल्या कार्लाइलच्या निवासी शाळेपासून या मुलांना घरापासून तोडून त्यांची भाषा, केस, नाव सगळे बदलण्याचा सरकारी उद्योग चालला. त्याला स्वतंत्र प्रकरणच हवे.

एका बसची मागणी

वेगळ्या शाळांची पद्धत मोडीत काढणाऱ्या १९५४ च्या प्रसिद्ध 'ब्राउन' निकालाची मुळे दक्षिण कॅरोलिनातल्या क्लॅरेंडन काउंटीत एका साध्या मागणीत आहेत. तिथे गोऱ्या मुलांसाठी ३० शाळा-बस धावत होत्या, कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. काही मुले शाळेसाठी मैलोन्‌मैल चालत. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस घेतली. ती सारखी बंद पडे. निदान पेट्रोल तरी द्या, अशी विनंती त्यांनी मंडळाला केली, तीही नाकारली गेली.

पाद्री आणि शिक्षक असलेल्या जोसेफ डिलेन यांच्या प्रोत्साहनाने लिव्हाय पिअर्सन या शेतकऱ्याने दावा लावला. १९४८ मध्ये तो तांत्रिक कारणावरून निकालात निघाला. पिअर्सनची जमीन दोन शाळा-हद्दींच्या सीमेवर पसरलेली होती. तो कर एका हद्दीत भरत होता आणि त्याची मुले दुसऱ्या हद्दीतल्या शाळेत जात होती. म्हणून त्याला दाद मागण्याचा हक्कच नाही, असे ठरले. दरम्यान गावातल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी त्याची उधारी तोडली, आणि त्याने तोडलेली लाकडे घ्यायला गिरणी तयार होईना. एका माणसाला एवढे एकटे पाडल्यावर पुन्हा कुणी पुढे येणार नाही असा गावच्या पुढाऱ्यांचा हिशेब होता. तो चुकला.

१९४९ च्या नोव्हेंबरात शंभराहून अधिक पालकांनी आणि मुलांनी अर्जावर सह्या केल्या. आता मागणी बसपुरती नव्हती, शाळांत पूर्ण समानता हवी होती. यादीत पहिले नाव हॅरी ब्रिग्ज याचे. तो दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता आणि पेट्रोल पंपावर काम करत होता. नाताळच्या आदल्या दिवशी त्याला कामावरून काढले. मोटेलमध्ये साफसफाई करणाऱ्या त्याच्या बायकोची, एलायझाची, नोकरीही गेली. डिलेन यांचे घर जळाले, पुढे चर्च जळाले आणि १९५५ मध्ये त्यांना राज्य सोडून पळावे लागले. त्या काउंटीत १९४९-५० मध्ये गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत होते, कृष्णवर्णीय मुलामागे ४३. बसची मागणी का झिडकारली गेली हे समजायला एवढे दोन आकडे पुरेत.

व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावी सुरुवात विद्यार्थ्यांनीच केली. तिथले मोटन हायस्कूल १८० मुलांसाठी बांधलेले होते आणि तिथे ४५० हून अधिक मुले कोंबलेली होती. जागा पुरेना म्हणून मंडळाने डांबरी कागद मढवलेल्या लाकडी खोपट्या उभ्या केल्या. पावसात त्या गळत, आणि हिवाळ्यात शेगडीजवळचे मूल भाजून निघे तर खिडकीजवळचे कोट घालून बसे. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने मुख्याध्यापकांना फोनवरच्या निरोपाने बाहेर पाठवले, सगळ्या मुलांना सभागृहात जमवले आणि संप पुकारला. संप दोन आठवडे चालला. मुलांना नवी इमारत हवी होती. एनएएसीपी या नागरी हक्कांच्या संघटनेच्या वकिलांनी अट घातली की लढायचे तर वेगळ्या शाळांच्या पद्धतीविरुद्धच लढायचे. मुले आणि पालक तयार झाले.

क्लॅरेंडन आणि फार्मव्हिलबरोबर कॅन्ससमधले टोपेका, डेलावेअर आणि राजधानी वॉशिंग्टन इथलेही दावे सर्वोच्च न्यायालयात एकत्र आले. थर्गुड मार्शल हे प्रमुख वकील. मानसशास्त्रज्ञ केनेथ आणि मेमी क्लार्क या पतीपत्नींच्या बाहुल्यांच्या प्रयोगाची साक्ष क्लॅरेंडनच्या खटल्यात आली होती. सहा ते नऊ वर्षांच्या १६ कृष्णवर्णीय मुलांपुढे एक गोरी आणि एक काळी बाहुली ठेवली. दोघींत फरक फक्त रंगाचा. १० मुलांनी आपल्याला गोरी आवडते असे सांगितले, आणि 'वाईट' कोणती असे विचारल्यावर ११ मुलांनी काळीकडे बोट केले. 'यातली तुझ्यासारखी कोणती' हा प्रश्न त्यानंतर यायचा. नमुना लहान आहे, पद्धत कच्ची आहे, अशा टीका या प्रयोगावर झाल्या आणि त्यांत तथ्यही आहे. पण वेगळेपणाचा घाव कुठे बसतो, हे त्या बोटांनी दाखवून दिले.

१७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी एकमताचा निकाल वाचला: वेगळ्या शाळा मुळातच असमान असतात. निर्णय नऊ विरुद्ध शून्य होता.

निकालानंतरचा विलंब

अंमलबजावणी कधी करायची, याबद्दल न्यायालयाने पुढच्या वर्षी जे सांगितले त्यात मुदत नव्हती. योग्य ती घाई करा, असा त्याचा आशय. दक्षिणेतल्या मंडळांनी त्यातला 'योग्य' तेवढा घेतला. १९५७ मध्ये आर्कन्सॉतल्या लिटल रॉक इथे नऊ मुलांना शाळेत पोचवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावे लागले. १९६० मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये सहा वर्षांची रूबी ब्रिजेस केंद्रीय मार्शलांच्या पहाऱ्यात शाळेत शिरली. गोऱ्या पालकांनी मुले काढून घेतली, आणि बार्बरा हेन्री या शिक्षिकेने वर्षभर त्या एकट्या मुलीला शिकवले.

फार्मव्हिलच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर कहर केला. गोरी आणि काळी मुले एकत्र बसवण्यापेक्षा तिने १९५९ मध्ये सगळ्याच सार्वजनिक शाळांना टाळे ठोकले. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली आणि तिला सरकारी अनुदानाचा व करसवलतींचा टेकू मिळाला. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलांसाठी काहीच नव्हते. काहींना पालकांनी दुसऱ्या राज्यात नातेवाइकांकडे ठेवले, काहींनी चर्चच्या तळघरात जमेल तसे शिकून घेतले, कित्येकांचे शिक्षण कायमचे सुटले. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या, तोवर पाच वर्षे गेली होती. सात वर्षांचे मूल बारा वर्षांचे झाले होते.

निकालाला दहा वर्षे होत आली तेव्हा, १९६३-६४ मध्ये, दक्षिणेतल्या ११ राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी कृष्णवर्णीय मुले जेमतेम सव्वा टक्का होती. चित्र पालटले ते पैशाने. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने भेदभाव करणाऱ्या संस्थांचे केंद्रीय अनुदान रोखण्याचा अधिकार दिला, आणि १९६५ च्या शिक्षण कायद्याने गरीब मुलांच्या शाळांसाठी रोखण्याजोगे भरघोस अनुदान उपलब्ध केले. १९६८ नंतर न्यायालयानेही दिरंगाई खपवून घेणे सोडले. १९७१ मध्ये शार्लटच्या खटल्यात मुलांना बसने दूरच्या शाळेत पाठवून शाळा मिश्र करण्याची योजना त्याने मान्य केली. १९८८ मध्ये दक्षिणेतली ४३ टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय मुले गोऱ्यांचे बहुमत असलेल्या शाळांत शिकत होती. वेगळ्या शाळांचा जिथे कायदा होता, तोच प्रदेश देशात सर्वांत मिश्र झाला.

या मिश्रणाची किंमत मात्र एका बाजूनेच मोजली. शाळा एक करताना बंद पडल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या, आणि १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेत व तिच्या सीमेवरच्या राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. गळक्या छपराखाली ज्यांनी पिढ्या शिकवल्या, त्यांना नव्या इमारतीत जागा नव्हती.

तरीही मुलांना काय मिळाले? अर्थशास्त्रज्ञ रकर जॉन्सन यांनी त्या पिढीचा प्रौढपणापर्यंत माग काढला. मिश्र शाळांत गेलेली कृष्णवर्णीय मुले अधिक शिकली, अधिक कमावू लागली, त्यांचे आरोग्य सुधारले आणि तुरुंगात जाण्याची शक्यता घटली. गोऱ्या मुलांचे काही नुकसान झाले नाही. मिश्र शाळांमुळे लहान वर्ग, अधिक खर्च, चांगले शिक्षक हे सगळे कृष्णवर्णीय मुलांपर्यंत प्रथमच पोचले, हे त्यामागचे मुख्य कारण. 'बसने मुले फिरवण्याचा प्रयोग फसला' असे आजही बेधडक म्हटले जाते. पुरावा तसे सांगत नाही.

नकाशा आणि पैसा

१९७३ आणि १९७४ या लागोपाठच्या दोन वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने दिलेले दोन निकाल 'ब्राउन'इतके प्रसिद्ध नाहीत. आजच्या शाळांवर त्यांचा ठसा मात्र अधिक खोल आहे. दोन्ही पाच विरुद्ध चार मतांनी झाले.

त्यांपैकी पहिला टेक्सासचा. सॅन अँटोनिओ शहरात एजवूड नावाचे शाळा-डिस्ट्रिक्ट होते. तिथली सुमारे ९० टक्के मुले मेक्सिकन वंशाची, सहा टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय. इमारती मोडकळीला आलेल्या. १९६८ मध्ये शेकडो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. पालकांनी दावा लावला आणि त्यात हवाई दलाच्या तळावर पत्र्याचे काम करणारे डेमेट्रिओ रॉड्रिग्ज यांचे नाव पुढे होते. त्याच शहरात अलामो हाइट्स हे श्रीमंत, बहुतांशी गोऱ्यांचे डिस्ट्रिक्ट होते. १९६७-६८ चे आकडे न्यायालयापुढे आले. एजवूडमध्ये मालमत्तेच्या दर १०० डॉलर मूल्यावर १.०५ डॉलर कर होता, अलामो हाइट्समध्ये ०.८५ डॉलर. म्हणजे गरीब वस्ती अधिक दराने कर भरत होती. त्यातून एजवूडला मुलामागे मिळाले २६ डॉलर आणि अलामो हाइट्सला ३३३ डॉलर, कारण एकीकडे मुलामागे सहा हजार डॉलरचीही मालमत्ता नव्हती आणि दुसरीकडे ती ४९ हजारांच्या वर होती. राज्याने दोघांना जवळपास सारखेच दिले: एजवूडला २२२, अलामो हाइट्सला २२५. केंद्राची मदत मिळवूनही शेवटी एका मुलामागे ३५६ आणि दुसऱ्यामागे ५९४ डॉलर पडत होते.

आई-बापांना मुलांच्या शिक्षणाची आस्था नसते, हे गरीब वस्त्यांबद्दलचे आवडते स्पष्टीकरण या आकड्यांपुढे टिकत नाही. एजवूडच्या लोकांनी आपल्या घरांवर जास्त दराने कर बसवून घेतला होता. तरीही न्यायालयाने १९७३ मध्ये ठरवले की शिक्षण हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि अशी तफावत संविधानाचा भंग करत नाही. केंद्रीय न्यायालयाचा दरवाजा तिथे बंद झाला.

दुसरा निकाल डेट्रॉइटचा. शहरातल्या शाळांत अधिकाऱ्यांनी वर्णभेद केल्याचे खालच्या न्यायालयात सिद्ध झाले होते. पण शहरात आता गोरी मुलेच थोडी उरली होती, म्हणून शहरापुरता उपाय निरर्थक ठरणार होता. तिथल्या न्यायाधीशांनी भोवतालची ५३ उपनगरे योजनेत घेतली. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झालेले नाही, तेव्हा डिस्ट्रिक्टची हद्द ओलांडता येणार नाही, असा त्याचा तर्क. आता त्याच न्यायालयात न्यायाधीश असलेल्या थर्गुड मार्शल यांनी तीव्र विरोधी मत नोंदवले.

त्या उपनगरांत कृष्णवर्णीय कुटुंबे का नव्हती, हा प्रश्न या तर्काने टाळला. त्याचे उत्तर सरकारी कागदांतच होते. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या गृहकर्ज महामंडळाने २०० हून अधिक शहरांचे नकाशे काढले आणि वस्त्यांना प्रतवारी दिली. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या, म्हणजे कर्जासाठी धोकादायक. १९३४ पासून केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाने ज्या घरांच्या कर्जांना हमी दिली, ती मुख्यतः गोऱ्यांच्या नव्या उपनगरांतली होती. घर कृष्णवर्णीयाला विकायचे नाही, असे करार खरेदीखतातच घालण्याचा सल्ला खुद्द सरकार देत होते. १९६८ मध्ये निवासातला भेदभाव कायद्याने बंद झाला, तोवर एका पिढीची घरे घेऊन झाली होती आणि त्यांच्या किमती वाढल्या होत्या. त्या किमतीवरच शाळेचा कर बसत होता. गृहकर्जाचा लाल रंग असा शाळेच्या अंदाजपत्रकात उतरला.

केंद्रीय मार्ग बंद झाल्यावर लढा राज्यांच्या न्यायालयांत गेला, कारण बहुतेक राज्यांच्या संविधानांत सार्वजनिक शाळांची हमी स्पष्ट शब्दांत आहे. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एजवूडच्याच दाव्यात शाळांना पैसा पुरवण्याची राज्याची पद्धत एकमताने घटनाबाह्य ठरवली. न्यू जर्सीतल्या 'अ‍ॅबट' खटल्याने त्याहून पुढची मजल मारली. तिथल्या न्यायालयाने १९९० मध्ये गरीब शहरांतल्या शाळांवर श्रीमंत उपनगरांइतकाच खर्च करायला सांगितले, आणि वर गरजेनुसार जास्तीचे द्यायला लावले. १९९८ मध्ये त्यात तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दर्जेदार बालवाडीची भर पडली. समतेची खरी कसोटी इथे लागते. उपाशी येणारे मूल, घरी इंग्रजी न बोलणारे मूल, अपंग मूल यांना शेजारच्या सुखवस्तू मुलाइतकेच पैसे दिले तर कागदावर समानता दिसते, पण वर्गात ते मूल मागेच राहते.

पैशाने खरेच फरक पडतो का, हा वाद १९६६ च्या कोलमन अहवालापासून चालत आला. सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या त्या पाहणीचा निष्कर्ष होता की मुलाच्या यशात घरची परिस्थिती शाळेपेक्षा अधिक मोजते. त्याचा सोयीस्कर अर्थ असा काढला गेला की शाळांवर खर्च करण्यात हशील नाही. न्यायालयांच्या आदेशांमुळे ज्या शाळांचा खर्च वाढला, तिथल्या मुलांचा जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा वर्षे खर्च दहा टक्के अधिक राहिला तर मोठेपणी मजुरी साधारण सात टक्क्यांनी वाढते, आणि गरीब घरच्या मुलांना त्याचा लाभ अधिक होतो, असे त्यात आढळले. तरी तफावत शिल्लक आहे. एडबिल्ड या अभ्याससंस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार, प्रामुख्याने गोऱ्या मुलांच्या डिस्ट्रिक्टना प्रामुख्याने इतर वंशांच्या मुलांच्या डिस्ट्रिक्टपेक्षा वर्षाला २३ अब्ज डॉलर जास्त मिळत होते. विद्यार्थ्यांची संख्या मात्र दोन्हीकडे जवळपास सारखी होती.

एकाच छपराखाली, आणि रेघेपलीकडे

मिश्र शाळेतही सगळी मुले एकाच शाळेत शिकतात असे नाही. प्रगत गणिताच्या वर्गात गोरी आणि आशियाई मुले अधिक, मागे पडलेल्यांच्या वर्गात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले अधिक, हे दृश्य सर्रास दिसते. शिक्षेचेही तसेच. २०१३-१४ मध्ये सार्वजनिक शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थी १५.५ टक्के होते, पण शाळेतून निलंबित केलेल्यांत त्यांचे प्रमाण ३९ टक्के होते. केंद्राच्या लेखापरीक्षण कार्यालयाला ही विषमता श्रीमंत आणि गरीब दोन्ही प्रकारच्या शाळांत आढळली. निलंबित मूल वर्गाबाहेर राहते, मागे पडते आणि शाळा सोडण्याच्या वाटेला लागते.

शिक्षक कोण आहे याने इथे फरक पडतो. २०१४ पासून सार्वजनिक शाळांत गोरी मुले निम्म्याहून कमी आहेत, पण दहापैकी आठ शिक्षक गोरेच आहेत. उत्तर कॅरोलिनातल्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासात दिसले की तिसरी ते पाचवीच्या दरम्यान निदान एक कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, तर सर्वांत गरीब कृष्णवर्णीय मुलग्यांचे हायस्कूल सोडण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटते. १९५४ नंतर घरी बसवलेल्या ३८,००० जणांची उणीव किती मोठी होती, हे यावरून जोखता येते.

दरम्यान शाळा पुन्हा विभागल्या जात आहेत. १९९० च्या दशकापासून न्यायालयांनी जुने आदेश एकेक करून मागे घेतले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिअ‍ॅटल आणि लुइव्हिल या शहरांनी आपणहून आखलेल्या योजनाही रद्द केल्या, कारण त्यांत मुलाचा वंश पाहून प्रवेश ठरत होता. २०२०-२१ मध्ये सुमारे १.८५ कोटी मुले, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थी, अशा शाळांत होते जिथे ७५ टक्के किंवा त्याहून जास्त मुले एकाच वंशाची आहेत. जुन्या रेघा पुरेनात म्हणून नव्याही ओढल्या जातात. टेनेसीत मेम्फिस शहराच्या आणि भोवतालच्या शेल्बी काउंटीच्या शाळा २०१३ मध्ये एक झाल्या आणि वर्षभरातच सहा उपनगरांनी आपापले वेगळे डिस्ट्रिक्ट थाटले. अलाबामातल्या गार्डनडेलने तसाच प्रयत्न केला. त्यामागे वांशिक हेतू असल्याचे न्यायालयात सिद्ध झाले आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयाने त्याला रोखले.

रेघ ओलांडण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न कनेटिकटमधल्या हार्टफर्डचा आहे. १९८९ मध्ये शेफ कुटुंबाने इतर पालकांसह राज्याच्या न्यायालयात दावा लावला. तेव्हा शहरातल्या शाळांत ९० टक्क्यांहून अधिक मुले कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होती आणि हद्दीपलीकडची कित्येक उपनगरे बहुतांशी गोरी. कुणी अधिकाऱ्याने जाणूनबुजून भेदभाव केल्याचे सिद्ध करण्याची गरज नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी म्हटले. शाळेची हद्द गावाच्या हद्दीला जखडणारा राज्याचा कायदाच या विभाजनाचे सर्वांत मोठे कारण आहे, असे त्याने नोंदवले. उपाय म्हणून सक्तीच्या बसऐवजी विशेष शाळा काढल्या गेल्या: विज्ञान, कला, माँटेसरी अशा आकर्षक अभ्यासक्रमांच्या, शहरातल्या आणि उपनगरांतल्या मुलांना सोडतीने प्रवेश देणाऱ्या. हजारो मुले त्यांत शिकली. पण जागा मागणीपेक्षा कमी, त्यामुळे सोडतीत नाव न लागलेली मुले जुन्याच शाळांत राहिली आणि पालक पुन्हा पुन्हा न्यायालयात गेले. २०२२ च्या जानेवारीत झालेल्या समझोत्यात राज्याने हार्टफर्डच्या मुलांसाठी जागा मागणीएवढ्या वाढवण्याचे मान्य केले. दावा दाखल झाला तेव्हा त्या कुटुंबातला मायलो शेफ प्राथमिक शाळेत शिकत होता. समझोता झाला तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती.